नाक आणि हवा

(कुही येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढील भाषण)



आपल्या बोलण्यात नाक किती वेळा येते! कुणी नाक मुरडतो. कुणी नाकावर माशी बसू देत नाही. मुलगी बघायला पाहुणे आले, की त्यांची नजर आधी नाकावर जाते. नाक सरळ असले तर चाफेकळी, बसके असले तर नकटी! पण नाक कशासाठी आहे, आणि सगळ्यांची नाके सारखी का नाहीत? आज आपण तेच पाहू.

नाक वास घेते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याचे मोठे काम दुसरेच आहे. आपली फुप्फुसे फार नाजूक. त्यांना धूळ सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही. त्यांना लागते अंगाइतकी ऊबदार, म्हणजे सुमारे ३७ अंशांची, आणि चांगली ओलसर हवा. ती कोण तयार करतो? नाक!

नाकाच्या आत दोन्ही बाजूंना हाडाच्या तीन-तीन वळ्या असतात. त्यांवर पातळ, ओली कातडी असते. त्या कातडीत रक्ताच्या बारीक नळ्यांचे जाळे असते. हवा या वळ्यांना घासत आत जाते आणि जाता जाता ऊब घेते, ओल घेते. धूळ केसांत आणि शेंबडात अडकते. मिरचीच्या सातऱ्यावर काम करणाऱ्या बायांना विचारा. तिखट भुकटी आत शिरली की नाक शिंकून ती कशी बाहेर फेकते, ते त्या सांगतील.

थंडीच्या सकाळी गार आरसा नाकाखाली धरून पाहा. त्यावर वाफ धरेल. आत गेलेली हवा कोरडी होती. बाहेर आली ती ओली. ही ओल आपल्या अंगाने दिली, आणि त्यात नाकाचा वाटा मोठा.

आपल्या नागपूरकडच्या नाकाला तर फार काम. हिवाळ्यात कधी रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. मे महिन्यात तो ४५ च्या वर चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशा वेळी आतली कातडी सुकून चिरते आणि घोळणा फुटतो. श्रावणात हवेतच ओल असते. तेव्हा नाकाला जरा विसावा.

आता जगाकडे पाहू. काही मुलखांत हवा बारा महिने उष्ण आणि दमट. तिथे हवेला फारसे तयार करावे लागत नाही. रुंद नाकपुड्या चालतात. थंड, कोरड्या मुलखात अरुंद नाक बरे. वाट अरुंद असली की हवा भिंतींना जास्त घासते, म्हणून ती लवकर तापते आणि भिजते.

पण थंडीत राहिल्याने कुणाचे नाक अरुंद होत नाही, बरं का! मग हा फरक पडला कसा? शेतातले उदाहरण घेऊ. एका साली पाऊस दगा देतो. बरीच ज्वारी वाळते, थोडी ताटे तगतात. दाणे तगलेल्यांनाच येतात. पुढचे बी त्यांचेच. असे शेकडो वर्षे चालले, तर कमी पाण्यावर येणारे बी तयार होते. एकही ताट स्वतः बदललेले नसते. माणसाच्या नाकाचेही हजारो वर्षांत असेच झाले असावे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पूर्वज पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया आणि उत्तर युरोप इथले, अशा लोकांची नाके त्यांनी मोजली. दक्षिण आशिया म्हणजे आपलाच भाग. नाकपुड्यांच्या रुंदीचा त्या त्या मुलखातल्या उष्णतेशी आणि ओलीशी मेळ दिसला. इतर काही मापांतला फरक मात्र नुसत्या योगायोगानेही पडू शकेल, एवढाच होता. म्हणजे सगळेच हवेने घडवले, असे म्हणता येत नाही.

हे सारे का सांगितले? कारण याच नाकावरून माणसांची प्रत ठरवली गेली आहे. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिझ्ली यांनी लोकांची नाके मोजवली, आणि नाक जितके बारीक तितकी जात उंच, असे मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नाकांची मापेच पुढे ठेवली. मापे मानायची, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या मापाने माणसे वेगळी पाडली, त्याच मापाने ती एक ठरली!

आपल्या घरीच पाहा ना. एकाच आईच्या दोन लेकरांत एकाचे नाक सरळ, एकाचे बसके. मग त्यात एक उंच आणि एक नीच कसा?

तेव्हा मंडळी, नाकावरून कुणाची जात, अक्कल किंवा लायकी कळत नाही. पाहुण्यांनी आपल्या लेकीला नकटी म्हटले, तर मान खाली घालू नका. त्यांना सांगा, "आमच्या लेकीचे नाक आपले काम चोख करते. तुम्ही तिचे गुण पाहा."