आरमाराच्या रसदजहाजांवरील मुलकी खलाशी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी अनेक घरांतील मुले आज बोटीवर आहेत आणि अनेकांना ती पाठवावयाची आहेत. म्हणून सागरी नोकरीविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. त्यासाठी मी बुद्ध्याच एक दूरचा विषय निवडला आहे. त्यात आपली माणसे गुंतलेली नसल्यामुळे तो शांत चित्ताने पाहता येतो, एवढाच त्यातील हेतू.

युद्धनौका कितीही बलाढ्य असली तरी तिला तेल, दारूगोळा आणि शिधा भर समुद्रात कोणीतरी आणून द्यावा लागतो. हे काम रसदजहाजे करतात. आपल्या नौदलाची ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ ही तेलवाहू जहाजे नौसैनिकच चालवितात. ब्रिटन आणि अमेरिका यांची रीत मात्र निराळी आहे. ब्रिटनची ‘रॉयल फ्लीट ऑक्झिलिअरी’ ही संस्था १९०५ साली स्थापन झाली. अमेरिकेत १९४९ साली स्थापन झालेल्या संस्थेला पुढे १९७० मध्ये ‘मिलिटरी सीलिफ्ट कमांड’ हे नाव मिळाले. या दोन्हींच्या जहाजांवर प्रामुख्याने मुलकी, म्हणजे गणवेशातील सैनिक नसलेले, पगारी खलाशी असतात. त्यामागे काटकसर आहे. अमेरिकेच्या ‘सप्लाय’ या मोठ्या रसदजहाजावर नौदलाच्या ताब्यात असताना सहाशेंहून अधिक माणसे लागत. २००१ मध्ये ते मुलकी खलाशांकडे आल्यावर अडीचशेच्या आत काम भागू लागले. व्यापारी जहाजावर मुरलेला मनुष्य थोड्या हातांनी पुष्कळ काम उरकतो, हे बोटीवरील कोणीही सांगेल.

परंतु नोकरी मुलकी म्हणून धोकाही मुलकी, असे मात्र नव्हे. दोन अजस्र जहाजे सुमारे पन्नास मीटर अंतर राखून समांतर धावतात आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोरावरून तेलाच्या नळ्या सोडल्या जातात. सुकाणूवर क्षणाची गफलत झाली तरी अनर्थ ओढवावयाचा. फॉकलंडच्या युद्धात ८ जून १९८२ रोजी ‘सर गॅलहॅड’ या जहाजावर बाँब पडून ४८ माणसे प्राणास मुकली. बहुतेक सैनिक होते हे खरे, तथापि ते जहाज या मुलकी संस्थेचे होते आणि त्यावर हाँगकाँगचे चिनी खलाशीही काम करीत होते.

अशा माणसांची आता टंचाई पडली आहे. २०२४ साली अमेरिकेने खलाशांच्या अभावी सतरा जहाजांवरील माणसे काढून ती बांधून ठेवण्याची योजना आखली. त्या वेळी प्रसिद्ध झालेला एक हिशेब मी जुन्या शिक्षकी खोडीप्रमाणे पाटीवर मांडून पाहिला. दर शंभर जागांमागे १२७ माणसे उपलब्ध होती, आणि नियम चार महिने बोटीवर व एक महिना घरी असा होता. नुसता हा नियम पाळावयाचा तरी शंभरामागे १२५ माणसे हवीत. म्हणजे आजारपण, शिक्षण, घरातील लग्नकार्य नि मयत, या सर्वांसाठी उरली अवघी दोन! साहजिकच बदलीचा माणूस वेळेवर येत नाही आणि चार महिन्यांचे पाच, पाचांचे सहा होतात. कंटाळून एक जण राजीनामा देतो. त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि मग दुसराही निघतो. व्यापारी जहाजांवर जितके दिवस समुद्रावर तितके दिवस घरी, अशीही सोय काही अधिकाऱ्यांना मिळते. त्या सोयीसाठी शंभरामागे दोनशे माणसे ठेवावी लागतात. तेवढा खर्च सरकारला जड वाटतो. जहाजे रिकामी उभी राहतात त्याचा खर्च मात्र कोणी मोजीत नाही.

यात मानहानीचाही भाग आहे. २०२० साली महामारीच्या काळात अमेरिकेने या खलाशांना जहाजावरून उतरण्यास बंदी केली. जहाज स्वतःच्या गावच्या बंदरात उभे असले तरी त्यांना घरी जाता येत नसे, आणि धक्क्यावरील कंत्राटी कामगार मात्र रोज ये-जा करीत. मनुष्य कष्ट सोसतो, पण असला भेदभाव विसरत नाही. त्यानंतर अनेकांनी नोकरी सोडली.

ब्रिटनमध्ये भांडण पगाराचे होते. २०१० पासून महागाईच्या मानाने आपले वेतन तीस टक्क्यांहून अधिक घटले, असे तेथील अधिकाऱ्यांच्या संघटनेचे म्हणणे होते. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात या लोकांनी संप केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, दोन वर्षे बांधून पडलेली ‘वेव्ह’ वर्गातील दोन तेलवाहू जहाजे सेवेतून काढल्याचे सरकारने जाहीर केले. विमानवाहू नौकेला दारूगोळा व सुटे भाग पुरविणारे ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे त्यांचे एकुलते एक जहाजही मनुष्यबळ अपुरे पडल्यामुळे उभे राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही विमानवाहू नौका आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर ‘विक्रांत’बरोबर सरावासाठी आली. त्या सरावाचे नावच ‘कोकण’! वृत्तपत्रांतून विमानांची छायाचित्रे झळकली, परंतु तिचे ते रसदजहाज सोबत नव्हते याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

मुंबई बंदरातून रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे आचारी-बटलर पिढ्यान्‌पिढ्या परक्यांच्या बोटींवर गेले. मजकडे शिकलेल्या कित्येक मुलांच्या प्रगतिपुस्तकावर आईचीच सही असे. वडील कधी येणार, असे विचारले की मूल एखाद्या सणाचे नाव सांगे, आणि तो सण अनेकदा तसाच निघून जाई. त्या काळी घरी परतण्याची तारीख कंपनीच्या मर्जीवर असे. आज निदान व्यापारी जहाजांपुरता २००६ चा सागरी कामगार करार आहे; भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याअन्वये खलाशाला अकरा महिन्यांपेक्षा अधिक काळ सलग बोटीवर ठेवता येत नाही आणि मुदत संपल्यावर घरी पोहोचविण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. युद्धनौका व आरमाराची साहाय्यक जहाजे मात्र त्या करारातून स्पष्टपणे वगळली आहेत. ज्यांची कथा आज सांगितली, त्यांना हे छत्र नाही.

तेव्हा मुलाला नोकरीचा कागद आला की आपण प्रथम डॉलरचा आकडा पाहतो, तो जरूर पाहावा. परंतु त्याच कागदावर मुदत किती महिन्यांची आहे, ती वाढविण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि बदलीचा माणूस न आल्यास काय, हेही वाचावे. हे मजकूर बहुधा शेवटच्या पानांवर बारीक इंग्रजीत असतात. ज्यांच्या घरी असा करारनामा आला असेल, त्यांनी तो भोजनोत्तर मजकडे आणावा. मी चष्मा घेऊन बसलेलाच आहे.