नळाचे पाणी आणि राज्यकारभार



संस्थेच्या या महोत्सवी प्रसंगी राज्यापुढील प्रश्नांविषयी दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. प्रश्न पुष्कळ आहेत. परंतु आम्ही पडलो मास्तर, एका तासाला एकच धडा घेण्याची आम्हांस सवय. म्हणून आज केवळ हैदराबादच्या पाण्याचा विचार करू.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यास अभियांत्रिकी शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या गृहस्थांनी शहराच्या वरच्या अंगास पाणी अडविण्याची योजना दिली. त्यातूनच १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. पूरही आवरला आणि शहराची तहानही भागली. दूरदृष्टीचा कारभार म्हणतात तो हाच.

पुढे शहर वाढले. १९६५ पासून मांजऱ्याचे, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे पाणी येऊ लागले. मांजरा बीड जिल्ह्यात, कृष्णा महाबळेश्वरास आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरास उगम पावते. म्हणजे आपल्या वाडवडिलांप्रमाणे आपल्या नळाचे पाणीही महाराष्ट्रातूनच आले म्हणावयाचे! परंतु मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे विसरून चालणार नाही. दुरून आणलेल्या पाण्यावर दुसऱ्या तहानेल्यांचाही हक्क असतो.

म्हणून जवळचे तलाव जपले पाहिजेत. १९९६ च्या सरकारी आदेश क्रमांक १११ ने या दोन तलावांभोवतीच्या ८४ गावांत कारखाने व मोठ्या वसाहती यांस मनाई केली. शहर आता या तलावांवर अवलंबून नाही, असे सांगून एप्रिल २०२२ मध्ये ती बंधने उठविण्याचा आदेश निघाला. येथे शेतकऱ्यांची बाजूही ऐकावी. शेजारच्या गावी जमिनीस सोन्याचा भाव, आणि आपल्या जमिनीवर मात्र बंधन, ही त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु ऑक्टोबर २०२० च्या पुरात पाणी आपली जुनी वाट शोधीत घरांत शिरले, तेही आपण पाहिले. पाणलोट बुजविला तर ते पाणी जाईल कोठे? आमच्या मते न्याय्य मार्ग एकच. ज्यांची जमीन शहरासाठी मोकळी राहते, त्यांना शहराने त्याचा मोबदला द्यावा. एकाने झीज सोसावी आणि दुसऱ्याने फुकट लाभ घ्यावा, हे धोरण टिकत नाही.

जानेवारी २०२१ पासून येथे घरटी दरमहा २०,००० लिटर पाणी मोफत मिळू लागले. गरिबाला तो मोठा आधार. पण फुकट म्हणून उधळण्याचा तो परवाना नव्हे. वाहत्या नदीच्या काठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्हांस घरी मिळाली. आपल्याही घरी वडीलधाऱ्यांनी निराळ्या शब्दांत तेच सांगितले असेल.

सरकारने तलाव राखावे, हे आपण मागूच. पण आपल्या छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे, गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करणे आणि तलावाच्या पोटात आखलेला भूखंड स्वस्त मिळाला तरी न घेणे, एवढे तर आपल्या हाती आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची. धर्मादाय संस्था ज्या विश्वासावर उभी राहते, त्याच विश्वासाने पाणीही सांभाळावयाचे असते. आपण त्याचे मालक नव्हे, विश्वस्त आहोत.