जोडणी-मोडणीचा जमाखर्च



खानदेशातील यावल हे गाव एके काळी देशी कागदाकरिता आणि निळीकरिता प्रसिद्ध होते, हे जुनी गॅझेटियरे चाळणाऱ्यांस ठाऊक असेल. नीळ गेली, कागदही गेला, आणि असल्या जाड्याभरड्या कागदावर जे जमाखर्च लिहिले जात, ते आता यावलच्या पेठेतही संगणकाच्या पडद्यावर मांडले जातात. मात्र रोजकीर्द वहीतून पडद्यावर आली, म्हणून हिशेबनिसापुढील एक पुरातन पेच सुटला असे नव्हे. जिन्नस आला तसाच विकला गेला, तर आवक, जावक आणि शिल्लक या तीन रकान्यांत काम भागते. परंतु अनेक जिन्नस मिळून एक होतो, किंवा एकाचे अनेक होतात, तेव्हा काय लिहावे, हा तो पेच.

पहिला प्रकार त्यातल्या त्यात सोपा. केळीच्या या मुलखात ठिबकाचे साहित्य विकणारा दुकानदार नळीची बंडले, फिल्टर, व्हेंच्युरी, व्हॉल्व्ह, ग्रोमेट, जॉइनर असे सुटे भाग घेतो आणि शेतकऱ्याच्या वावराच्या मापाने त्यांचा एक संच बांधतो. टॅलीसारख्या हिशेबाच्या संगणक-प्रणालीत एका संचास कोणता भाग किती लागतो याची यादी आधी भरून ठेवली, की संच बांधल्याच्या एका नोंदीने भाग वजा होतात, संच जमा होतो, आणि भागांच्या किमतींत मजुरी मिळवून संचाची किंमत आपोआप निघते. पण मागणी रद्द झाली आणि संच सोडावा लागला, म्हणजे पंचाईत सुरू होते. कारकून तीच नोंद उलटी फिरवतो. यादीप्रमाणे सगळे भाग पुन्हा शिलकेस येतात. आणि फळीवर पाहावे तर अखंड बंडलाच्या जागी वावराच्या मापाने कापलेले नळीचे तुकडे पडलेले असतात. यंत्राने यादी परत दिली, माल नव्हे. म्हणून मोडणीची नोंद ही जोडणीची उलटी नोंद न मानता, जे भाग प्रत्यक्ष हाती आले तेच तपासून, मोजून लिहिण्याची स्वतंत्र नोंद मानली पाहिजे.

मोडणीचे खरे स्वरूप पाहावयाचे तर खानदेशातील जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून रुई आणि सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, जावे. तेथे मोडणी हाच धंदा आहे. समजा, क्विंटलास 7,000 रुपयांप्रमाणे 100 क्विंटल कपाशी घेतली आणि तीतून 34 क्विंटल रुई, 64 क्विंटल सरकी निघाली, 2 क्विंटल घट गेली; रुईच्या 170 किलोंच्या बरोबर 20 गाठी झाल्या. वजनाचा ताळा जमला. आता खरेदीचे 7 लाख रुपये कोणाच्या अंगावर टाकावयाचे? वजनाच्या प्रमाणात वाटले, तर रुई आणि सरकी या दोहोंचीही पडत किंमत क्विंटलास सुमारे 7,143 रुपये येते. बाजारात मात्र रुई याच्या दुपटीहून अधिक दराने जाते आणि सरकी निम्म्याच्या आसपास; म्हणजे हिशेबाप्रमाणे सरकीच्या प्रत्येक पोत्यावर मालक बुडतो आणि रुईवर अतोनात कमावतो, आणि या दोन्ही गोष्टी धादांत खोट्या असतात. यास्तव बाजारमूल्याच्या प्रमाणात वाटणी करणे, अथवा सरकीची बाजारातील किंमत एकूण खर्चातून वजा करून उरलेला भार रुईवर ठेवणे, हे मार्ग रूढ झाले आहेत. टॅलीमध्ये उपपदार्थाच्या वाट्याची टक्केवारी लिहिण्याची सोय आहे; पण ती टक्केवारी किती असावी, हे लिहिणाऱ्याच्या विवेकावरच सोडलेले आहे, आणि माझ्या मते ते तसेच असावे.

घटीच्या रकान्याबद्दल माझे थोडे तिखट मत आहे. कपाशीतील ओल उडते, कचरा निघतो, धूळ जाते. सबब कपाशीच्या ओलाव्याप्रमाणे आणि कचऱ्याप्रमाणे घट कमीअधिक होणारच. वर्षभर प्रत्येक ढिगास अचूक दोन टक्के घट दाखविणारा हिशेब मला संशयास्पद वाटतो, कारण तेथे तोलकाट्यावर कोणी गेलेच नाही, ठरलेला आकडा तेवढा भरला गेला.

कोणता माल कोठून आला याचा माग ठेवण्याची कल्पना संगणकाबरोबर आली, असेही कोणी समजू नये. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंगविषयक कायद्याने जिनिंगमध्ये कोणाच्या कपाशीची सरकी काढली याचे, आणि प्रेसमध्ये कोणासाठी कोणत्या क्रमांकाच्या गाठी बांधल्या याचे दप्तर ठेवणे बंधनकारक केले होते. गाठीवर तो अनुक्रमांक आणि कारखान्याची खूण उमटवावी लागे. हेतू असा, की दूरच्या गिरणीत गाठ फोडल्यावर आत भेसळ निघाली, तर ती कोठल्या प्रेसची हे सांगता यावे. आजची प्रणाली तेच काम क्षणार्धात करते: गाठीचा क्रमांक टाकावा आणि दिवस, पाळी, ढीग डोळ्यांपुढे यावा. त्यापलीकडे ती जात नाही. कारण आवारात मापाडी मोजून मोकळा होतो, हमाल गाडी रिकामी करतात, आणि यावलची कपाशी चोपड्याच्या कपाशीवर पडून एक ढीग होतो. ते ढीग निराळे ठेवावयाचे तर जागा अधिक लागते, मजुरी अधिक लागते, आणि तो खर्च गाठीच्या दरात भरून देण्यास गिरणी तयार आहे की नाही, हे विचारल्यावाचून कोणताही जिनवाला हमालांना तसे सांगणार नाही.