मुकी जनावरे आणि आपली मुले
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार माणसांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण मंडळाने आग्रह केला, म्हणून घरातलीच एक गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे, म्हणून सांगायला थोडे जड जाते.

आपल्या जळगावचे ऊन तुम्हांला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात गल्लीतली एक कुत्री आमच्या ओट्याच्या सावलीला येऊन निजत असे. ओटा घाण होतो म्हणून मी तिला खराट्याने हाकलीत असे. एके दुपारी हातात गरम पाण्याचे पातेले होते, तेच रागाच्या भरात तिच्यावर ओतले. ती केकाटत पळाली. पाठीची कातडी सोलून निघाली.

पुढे आठ दिवसांनी माझा नऊ वर्षांचा मुलगा तिच्याच पिल्लाला दगड मारताना दिसला. पिल्लू लंगडत होते. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला नि म्हटले, "मुक्या जिवाला मारतोस? लाज नाही वाटत?" तो रडत म्हणाला, "आई, तू तर गरम पाणी टाकलं होतं!"

भगिनींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

माझे माहेर धुळ्याकडचे, शेतकऱ्याचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी वडील बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळीत. पोळ्याला खापरावरची पुरणपोळी आधी बैलांना, मग घरच्यांना. पण मला त्याहून आठवते ते रोजचे. शेतातून आले की बैलांना चारा-पाणी झाल्याशिवाय वडील ताटावर बसत नसत. "दया करा" असे त्यांनी आम्हांला कधी सांगितले नाही. आम्ही नुसते पाहत होतो. आता पुष्कळ घरी ट्रॅक्टर आला, बैल मातीचे उरले. तेव्हा दारातले कुत्रे, मांजर, चिमणी हेच आपल्या मुलांचे धडे. एक दिवस ओवाळायचे नि बाकीचे दिवस लाथा मारायच्या, तर मूल लाथच शिकणार.

आपल्या खानदेशाला हे नवीन नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या, पण सुगरण पाखराचे घर विणणे त्यांनी किती मायेने पाहिले! अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यात 'मोरी गाय' आणि 'भूतदया' अशी दोन प्रकरणेच आहेत. गुरुजी हे आईपासून शिकले. कायदाही आहे. जनावरांचा छळ करू नये असा कायदा १९६० साली झाला आणि १९७६ साली जिवांवर दया करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेत आले. पण कायदा ओट्यापर्यंत येत नाही, आईच येते.

आता आम्ही घरी काय करतो ते सांगते. दारात पाण्याचे मातीचे परळ ठेवतो. डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलायचे काम मुलाकडे. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणत नाही. पाखरांचे पंख नि माणसांचे गळे कापतात म्हणून २०१७ साली त्यावर बंदी आली, तरी तो चोरून विकला जातो.

आणि एक सांगते. दया म्हणजे जनावर उचलून कवटाळणे नव्हे. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ, पिल्लांपाशी बसलेल्या कुत्रीजवळ मुलांनी जाऊ नये. त्यांचाही मान आहे, त्यांनाही एकांत हवा. पाखराचे पिल्लू खाली पडले तर त्याच्या तोंडात दूध घालू नये; दूध त्याला सोसत नाही. आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी नि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. हळद-चुना लावून बसू नये.

दुसऱ्या दिवशी मी मुलासमोर कबूल केले, "माझं चुकलं." आईने मुलापुढे असे म्हणावे का, असे काहींना वाटेल. पण त्यानंतरच त्याने पिल्लाला उचलून माझ्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात आणले. पाय बरा झाला. आता ते पिल्लू मोठे झाले आहे, आमच्या ओट्यावर निजते.

त्याची आई मात्र अजून येत नाही. लांबूनच बघते. तिच्या पाठीवर केस आले नाहीत. मी रोज भाकरी टाकते. मी आत गेल्यावरच ती येऊन खाते. तिचा विश्वास कधी परत येईल, ठाऊक नाही. तुमच्या दारात अशी कुणी नजर चुकवून उभी राहू नये, एवढेच माझे सांगणे.