लाईन एक, अर्थ किती?

मुरगूडहून बोलतोय. आज एकच शब्द घेऊया: लाईन.

बँकेत म्हणतात, "लाईनीत या." शिवारात हाक येते, "लाईन आली, मोटर चालू कर!" बारावी झाली की पाहुणे विचारतात, "कुठल्या लाईनला जाणार?" वाया गेलेलं पोरगं सुधारलं की ते 'लाईनवर' येतं. आणि लाईन मारणं? ते काय मी सांगायला नको.

बघा, डिक्शनरी न उघडता पाच अर्थ झाले.

या शब्दाचं मूळ लॅटिन 'लिनम', म्हणजे जवस. हो, आपल्या चटणीचं जवस! त्याच्या खोडातल्या तंतूंचा दोरा म्हणजे 'लिनिया'. ताणलेल्या दोऱ्यावरून रेघ आली, मग रांग आली, लिहिलेली ओळही आली. लिनन कापड त्याच घराण्यातलं.

आता माझी फजिती. एका मुलाखतीच्या शेवटी साहेब म्हणाले, "ड्रॉप मी अ लाईन बाय मंडे." मला पाठ होतं, लाईन म्हणजे रेषा. रेषा कुठं पाडायची? विचारायची लाज वाटली. मान हलवून घरी आलो. त्यांना म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत दोन ओळी लिहून कळव. मी कळवलंच नाही. नोकरी गेली.

म्हणून सांगतो, सुटा शब्द पाठ करू नका, शेजारचे शब्द बघा. रानात वडील "लाईन आली" म्हणाले की आपण रांगेत उभं राहतो का? नाही, मोटर चालू करतो. इंग्रजीतही तेच करायचं. आणि नाहीच कळलं तर सरळ विचारायचं.

भेटू पुढच्या भागात!