हुमणीवरचा जिवंत उपाय

लखनौहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त होऊन इथंच स्थायिक झालो. आमच्या शहरात रायबरेली रोडवर भारतीय ऊस संशोधन संस्था आहे, १९५२ सालची. इकडचा शेतकरी जिला सफेद गिडार म्हणतो, ती म्हणजे आपली हुमणी. जाती वेगळ्या, धंदा एकच : मुळं कुरतडायची. ऊस पिवळा पडतो, वाळतो आणि हात लावला की उपटून येतो.

हुमणी राहते जमिनीत. वरून फवारलेलं औषध तिथवर नीट पोहोचत नाही. म्हणून मातीत उतरून तिला गाठणारा हवा. तो म्हणजे सूत्रकृमी. दचकू नका! टोमॅटो-डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा तो वेगळा. हा मुळाला तोंड लावत नाही, किडीला मारतो. नाव हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. कोइमतूरला सापडला, १९९२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अळीच्या अंगात शिरतो आणि स्वतःजवळचे जिवाणू सोडतो. साधारण दोन दिवसांत अळी मरते, विटकरी लाल होते. तिच्यातच याची पिल्लं वाढतात आणि दोनेक आठवड्यांत हजारोंनी बाहेर पडून पुढची अळी शोधतात.

आता मुद्दा. बाजारात हे पावडरीत मिळतात, पण ते जिवंत आहेत. खतासारखे भर दुपारी विस्कटले, तर पैसे मातीत गेले.

वेळ आधी. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारा, हे काम सोडू नका. अंडी फुटून अळी लहान असते, तेव्हा सूत्रकृमी सोडा. पुढं जाड झालेली अळी सहज मरत नाही. प्रमाण साधारण हेक्टरी २५० कोटी धरतात, पाकिटावरची मात्रा पाहा. पाकीट उन्हात ठेवू नका. ऊन कलल्यावर, ओल्या जमिनीत, मुळाशी द्या. रासायनिक औषधात मिसळू नका. नंतर आठवडाभर ओल टिकवा.

विकत घेताना मुदत बघा. चिमूटभर पावडर पाण्यात कालवून थोड्या वेळानं भिंगाखाली धरा. वळवळ दिसली तर घ्या, नाहीतर परत करा.

आठ-दहा दिवसांनी बुंध्याशी उकरून बघा. लाल पडलेली हुमणी सापडली, तर समजा काम सुरू झालंय.