सोया मेणबत्ती : दोष मेणाचा की मापाचा?

(बचत गटांच्या कामाशी संबंधित अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

पापड, लोणची आणि मसाले यांच्या जोडीला अनेक महिला बचत गटांनी सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्यांचा व्यवसाय हाती घेतला आहे. भांडवल बेताचे, जागा स्वयंपाकघराएवढी आणि दिवाळीच्या सुमारास शहरातून मागणी. तेव्हा या व्यवसायाकडे गटांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. परंतु पहिला हंगाम सरतो न सरतो तोच तक्रारी येऊ लागतात. मेणबत्ती मध्येच विझते, सुगंध येत नाही, पृष्ठभागावर पांढरे डाग पडतात. मग "मेणच खराब आले" असा निष्कर्ष काढून पुरवठादार बदलला जातो, नव्या मालासाठी गटाच्या निधीतून पुन्हा रक्कम उचलली जाते आणि तीच तक्रार नव्याने उद्भवते. वास्तविक यांतील बहुतेक दोषांचे मूळ मेणात नसून उष्णता, वात आणि वजन या तीन गोष्टींच्या मापात असते.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. विदर्भ व मराठवाडा हा सोयाबीनचा मुलूख असल्याने आपल्या शेतातील सोयाबीनपासून गावातच मेण करता येईल, अशी आशा ग्रामसभांतून व्यक्त होते. सोया मेण म्हणजे सोयाबीन तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून घट्ट केलेला पदार्थ होय. वनस्पती तूप ज्या तत्त्वावर तयार होते तेच हे तत्त्व. त्यासाठी दाब, उत्प्रेरक आणि मोठा कारखाना लागतो. ते गटाचे काम नव्हे. गटाने तयार मेण विकत घ्यावे आणि आपले कसब ओतकामात दाखवावे.

आता वातीचा विचार करू, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच संपतात. वात बारीक असली की ती केवळ आपल्या भोवतालचे मेण वितळविते. कडेचे मेण तसेच राहून मध्ये विहीर पडते आणि ज्योत त्यात बुडून विझते. वात जाड असली तर ज्योत उंच जाते, टोकावर काजळीची गाठ धरते, धूर निघतो आणि काच प्रमाणाबाहेर तापते. काचपात्राचा व्यास बदलला की वातही बदलावी लागते; किंबहुना सुगंध बदलला तरी ती पुन्हा तपासावी लागते. याची परीक्षा सोपी आहे. एकाच मापाच्या तीन पेल्यांत तीन जाडीच्या वाती लावून त्या पेटवाव्यात. सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात सुमारे तीन तासांत वितळलेले मेण कडेपर्यंत पोचले व त्याची खोली एक सेंटिमीटरच्या आत राहिली, तर ती वात योग्य समजावी. ही चाचणी एकदाच करून भागत नाही. मेणबत्ती थंड करून पुन्हा पेटवीत अखेरपर्यंत जाळून पाहावी, कारण मेण तळाशी आले म्हणजे काच सर्वांत अधिक तापते. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की ज्योत विझवावी, ही सूचना वेष्टनावर असलीच पाहिजे. पहिल्या वेळी मेण कडेपर्यंत वितळू द्यावे आणि प्रत्येक वेळी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी, हेही ग्राहकाला तेथेच सांगावे. पहिल्या वेळी अर्ध्या तासात विझविलेली मेणबत्ती पुढेही तेवढ्याच वर्तुळात जळत राहते आणि दोष मात्र गटाच्या माथी येतो.

पृष्ठभागावर उमटणारी पांढरी, दवासारखी नक्षी हा दोष नव्हेच. वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ थंड होताना स्फटिकरूप धारण करतात, त्याची ती खूण. ओतण्यापूर्वी पेले किंचित कोमट केले आणि ओतल्यावर त्यांना वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवले, तर ती कमी होते. पूर्णपणे जात नाही. रंग जितका गडद तितकी ती अधिक उठून दिसते. म्हणून पांढरी मेणबत्ती विकणेच शहाणपणाचे.

सुगंधाच्या बाबतीत अधिक तेल म्हणजे अधिक वास, असे समीकरण मांडले जाते. ते चुकीचे आहे. मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के तेल सर्वसाधारणपणे पुरते. मेण जेवढे सामावून घेऊ शकते त्याहून अधिक तेल घातले, तर ते घामासारखे वर येते आणि वातीतही शिरते. मेण सुमारे ८० अंश सेल्सिअसला असताना तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे, मग तापमान साठ अंशांच्या आसपास उतरल्यावर ओतावे. पुरवठादाराने वेगळे आकडे दिले असतील तर ते प्रमाण मानावेत. तयार मेणबत्ती एक-दोन आठवडे झाकून मुरू दिल्याखेरीज तिचा खरा सुगंध कळत नाही. या सर्वांसाठी तापमापक व वजनकाटा ही दोनच साधने हवीत. प्रशिक्षणाच्या अखेरीस प्रमाणपत्रे वाटण्याचा प्रघात आहे. त्यांच्या जोडीला एकेक तापमापक दिला गेला तर अधिक उपयोग होईल.

मेण थेट आचेवर कधीही वितळवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकणे म्हणजे भडका उडविणे होय. आच बंद करून झाकण ठेवावे आणि जवळ कोरडी वाळू असू द्यावी. ओतकाम चालू असता लहान मुले त्या खोलीत नसावीत.

विक्रीच्या बाजूस पहिली चूक किमतीत होते. उदाहरणादाखल काही कल्पित आकडे घेऊ. पाच किलो मेण व आठ टक्के तेल यांत १८० ग्रॅमच्या तीस मेणबत्त्या होतात. मेण, तेल, पेले, वाती व वेष्टन मिळून ४,९०० रुपये खर्च आला, असे धरू. दोन मेणबत्त्या चाचणीत गेल्या, एक पेला फुटला. विक्रीस उरल्या सत्तावीस. दोघींची दिवसाची मजुरी ८०० रुपये मिळविली म्हणजे एकूण ५,७०० रुपये, अर्थात नगास सुमारे २११ रुपये. गट मात्र मजुरी आणि फुटतूट विसरून खर्च १६३ रुपये धरतो आणि २५० रुपये किंमत ठेवतो. दुकानदाराने तीस टक्के कमिशन घेतले की हाती येतात १७५ रुपये. मेणबत्ती विकली जाते आणि प्रत्येकीमागे ३६ रुपये तोटा होतो! माल खपला म्हणून गट आनंदात असतो. तोटा दिसतो तो हप्ता भरण्याची वेळ येते तेव्हा. तीस टक्के कमिशन द्यायचे असेल, तर तीनशे रुपयांच्या खाली किंमत परवडत नाही. अन्यथा प्रदर्शनातून थेट विक्री करावी.

वजनाबाबतही सावध राहावे. ज्या पेल्यात २०० मिलिलिटर पाणी मावते, त्यात मेण मावते सुमारे १८० ग्रॅम. लेबलावर २०० ग्रॅम छापल्यास ग्राहकाची फसवणूक होते. आवेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील वेष्टनावर द्यावा लागतो. मेणात पॅराफिन मिसळले असेल, तर "शुद्ध सोया" असे लिहू नये.

उन्हाळ्यात विदर्भाकडे माल पाठविताना हे मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळते, याची आठवण ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील खोके सहज तेवढे तापते. दिवाळीच्या मालासाठी पेले व वाती पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवाव्यात. चाचणीला दोन आठवडे, मुरण्यास दोन आणि दुकानापर्यंत पोचण्यास आणखी एक, असा उलटा हिशेब केला, तर नवरात्राच्या पुष्कळ आधी, गणेशोत्सवाच्या सुमारासच पहिले मेण वितळलेले असले पाहिजे.